मे महिन्यात बागकामाचा वर्ग लावावा की बागा पाहाव्यात?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आपण कांदिवली पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहता. खिडकीच्या लोखंडी ग्रिलमध्ये सात-आठ कुंड्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्या झाडांनी एप्रिलमध्येच माना टाकल्या आहेत. मुलगी नऊ वर्षांची असून तिची परीक्षा संपली आहे. सासूबाई मूळच्या राजापूरकडच्या, बागेची हौस असलेल्या, पण गुडघेदुखीने बेजार. घराजवळ दोन दिवसांचा बागकामाचा वर्ग आहे, त्याचे शुल्क माणशी अडीच हजार रुपये. त्याखेरीज उद्यानांच्या सहली आणि जंगलातल्या निसर्गफेऱ्या यांच्या जाहिराती रोज फोनवर येत आहेत. यांतले काय निवडावे आणि पैसे वाया तर जाणार नाहीत ना, असे आपण विचारले आहे.

कोणता वर्ग चांगला, हे ठरवण्याआधी मे महिन्यात मुंबईत झाडांविषयी नेमके काय शिकता येते आणि काय येत नाही, हे पाहावे लागेल. बहुतेकांचे पैसे वाया जातात ते शिक्षक वाईट असतो म्हणून नव्हे, तर शिकवलेली गोष्ट त्या महिन्यात करण्याजोगी नसते म्हणून. मी सदनिकांमधल्या लहान बागा लावून देण्याचे आणि त्या सांभाळायला शिकवण्याचे काम करते, सुट्टीच्या दिवसांत झाडांच्या फेऱ्याही घेते. तेव्हा हे मत याच धंद्यातल्या बाईचे आहे, एवढे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. ग्रिल कोणत्या दिशेला आहे, समोर किती अंतरावर इमारत आहे, दिवसातून किती वेळ पाणी येते, ग्रिलमध्ये वजन ठेवायला सोसायटीची हरकत आहे का, सासूबाई न थांबता किती वेळ चालू शकतात आणि मुलीला चिखलात हात घालायला आवडतात की दुरून निरखायला, या सगळ्यांवर उत्तर बदलते. दिशेविषयी खाली सविस्तर लिहिले आहे, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत.

मुंबईत नैर्ऋत्य मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनच्या सुमारास दाखल होतो. त्याआधीच्या पाच-सहा आठवड्यांत दिवसाचे तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असते, जे नागपूरकरांना ऐकून हसू येईल. परंतु आपल्याकडे रात्रही थंड होत नाही, पारा २७ अंशांच्या खाली फारसा उतरत नाही, आणि झाडांना खरा त्रास याचा होतो. टोमॅटोचे झाड अशा उष्ण रात्रींत फुलते, पण फूल फळ न धरता गळून पडते. कोथिंबीर आणि मेथी उगवली तरी चार पानांवर असतानाच फुलायची घाई करते. लेट्यूसचे तर विचारूच नये. तरीही उन्हाळी वर्गांच्या जाहिरातींत लालबुंद चेरी टोमॅटो आणि लेट्यूसची हिरवी पानेच दिसतात, कारण ती छायाचित्रे डिसेंबर-जानेवारीतली असतात. या वर्गातून मुलगी उत्साहाने टोमॅटोचे रोप घरी आणेल, पंधरा दिवसांत त्याची पाने करपतील आणि आपल्या हातालाच गुण नाही, असा समज ती करून घेईल.

मे हा लावणीचा महिना नाही, तयारीचा आहे. कोकणातल्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावे लागत नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास वेलांसाठी आळी, म्हणजे लावणीचे खळगे, करून ठेवायची, जमीन उन्हात तापू द्यायची, २५ मेच्या आसपास रोहिणी नक्षत्र लागले की भाताची धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरणी करायची आणि ७-८ जूनच्या मृगाकडे डोळे लावून बसायचे, हे वेळापत्रक सासूबाईंना बहुधा तोंडपाठ असेल. त्यांना एकदा विचारून पाहावे. अडीच हजारांच्या वर्गातला निम्मा भाग घरातच निघेल. ग्रिलमधल्या कुंडीलाही हेच वेळापत्रक लागू पडते, फक्त आळ्याच्या जागी कुंडी आली आणि नांगराच्या जागी खुरपे.

म्हणून वर्गाच्या आयोजकांना पहिला प्रश्न विचारावा तो असा की, जून किंवा जुलैमध्ये पुन्हा भेटणार का? मे महिन्यात माती आणि खत शिकवून पाऊस सुरू झाल्यावर निदान एक बैठक जो वर्ग घेतो, त्याचे शुल्क थोडे जास्त असले तरी तो स्वस्त पडतो. दोन दिवसांत माती, बी, कलम, कीड, बोन्साय आणि टांगत्या कुंड्या असे सगळे उरकून प्रमाणपत्र देणारा वर्ग मला महाग वाटतो, मग तो पाचशे रुपयांत का असेना. दुसरे पाहायचे ते शिक्षक आपल्याला काही विचारतो का. खिडकीची दिशा, मजला आणि पाण्याची वेळ विचारल्याशिवाय जो रोपांची नावे सांगू लागतो, तो एकच पाठ सगळ्यांना म्हणून दाखवणार, हे उघड आहे. तिसरी गोष्ट म्हणजे वर्गात माती प्रत्येकाने स्वतःच्या हाताने कालवायची असते की समोर टेबलावर एकाने कालवायची आणि बाकीच्यांनी फोनवर चित्रित करायची, हे आधीच विचारून घ्यावे. नऊ वर्षांच्या मुलीसाठी तर हा एकच निकष पुरेसा आहे. शुल्कात बियांची पाकिटे, कुंडी, खत असा संच असेल, तर त्यात कोणत्या बिया आहेत ते विचारावे. भेंडी, चवळी, दोडका निघाले तर शिक्षकाला ऋतू कळतो, ब्रोकोली निघाली तर नाही.

आता दिशेविषयी. 'दक्षिणेकडची खिडकी बागेला उत्तम' हे वाक्य बहुतेक वर्गांत ऐकू येते. हिवाळ्यात ते खरे आहे. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे १५-१६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्या दिवशी उभ्या काठीची सावली नाहीशी होते आणि शाळेतली मुले शून्य सावलीचा दिवस म्हणून तो पाहतात. त्यानंतर जुलैच्या २७-२८ तारखेपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. परिणाम असा की, डिसेंबरमध्ये ज्या दक्षिण खिडकीत ऊन घरभर शिरत होते तिथे मेअखेरीस ते कठड्यावरही टेकत नाही, आणि वर्षभर अंधारी म्हणून हिणवलेल्या उत्तरेच्या ग्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळी तिरपे ऊन येऊ लागते. मुलीला हा प्रयोग घरच्या घरी करता येईल: ग्रिलच्या कोणत्या गजाची सावली किती वाजता कुठे पडते, ते आठवड्यातून एकदा खडूने आखून ठेवायचे. कुंड्या कुठे ठेवायच्या हे त्या रेघा सांगतील.

आपले ग्रिल पश्चिमेला असेल, तर झाडे का मेली याचा शोध घ्यायची गरजच नाही. दुपारी दोननंतरचे ऊन, तापलेली भिंत आणि लोखंडी पट्ट्या यांच्यामध्ये कुंडीतली माती अक्षरशः भाजून निघते. अशा ठिकाणी मे महिन्यापुरती हिरवी जाळी बांधावी, कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात, मातीवर सुक्या पाल्याचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा जाड थर द्यावा आणि पाणी सकाळी ऊन चढण्याआधी घालावे. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या ग्रिलला पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. झोडपणारा पाऊस त्याच बाजूने येतो, त्यामुळे तिथल्या कुंड्यांची तळाची भोके मोकळी आहेत ना, हे जूनच्या आधी पाहून घ्यावे लागते. पूर्वेच्या ग्रिलमध्ये उलट पाऊस पडत असतानाही झाडे कोरडी राहू शकतात, आणि बाहेर पाऊस आहे म्हणून पाणी घालायचे आपण विसरतो.

मातीचे काम मात्र उद्यापासूनच सुरू करता येईल आणि त्याला कोणताही वर्ग लागत नाही. मेलेल्या झाडांच्या कुंड्या रिकाम्या कराव्यात, मुळे वेचून टाकावीत, ढेकळे फोडावीत आणि माती प्लॅस्टिकच्या कागदावर पातळ पसरून आठ-दहा दिवस कडक ऊन द्यावे, मधूनमधून उलटावी. गच्ची उघडी असेल तर उत्तम. नसेल तर ग्रिलमध्येच एका घमेल्यात थोडीथोडी करून हे जमते. किडींची अंडी आणि बुरशी बऱ्याच प्रमाणात यातच जाते. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांभोवती बहुधा चिकट लाल माती असते, ती एप्रिलमध्ये विटेसारखी घट्ट होते आणि घातलेले पाणी कडेने खाली निघून जाते. वरून ओली दिसणारी कुंडी आत कोरडीठाक असते. आपली झाडे पाणी घालूनही सुकली असतील, तर मला पहिला संशय याचाच येतो.

तापवलेल्या मातीत साधारण तितकेच चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि तितकाच नारळाचा भुसा, म्हणजे कोकोपीट, मिसळावे. बारा इंची कुंडीला मूठभर कडुलिंबाची पेंड पुरते. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते भिजवून दोन पाण्यांतून काढून मगच वापरावे. ही उन्हाळ्याची मात्रा झाली. पावसाळ्यात झोडपा लागणाऱ्या कुंडीत मी कोकोपीट निम्म्यावर आणते आणि त्या जागी जाड रेती किंवा विटांचा बारीक चुरा घालते, नाहीतर जुलैमध्ये मुळे कुजतात. खत विकत आणण्याआधी आपल्या किंवा शेजारच्या मोठ्या सोसायटीत चौकशी करावी. २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज १०० किलोपेक्षा जास्त ओला कचरा करणाऱ्या संकुलांनी तो आवारातच जिरवावा, असा महापालिकेचा नियम २ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाला, आणि अशा ठिकाणी तयार खत बऱ्याचदा पडून असते. ते हातात घेतल्यावर गरम लागता कामा नये, आंबूस वास येता कामा नये. शंका असेल तर वाटीभर खतात थोडी मोहरी पेरून पाहावी. ती नीट उगवली तर खत झाले, असे समजावे. मुलीसाठी हाही एक खेळच आहे.

वजनाचे एक सांगून ठेवते. बारा इंची कुंडी ओल्या मातीसह सहज वीस किलोंच्या पुढे जाते. जुन्या इमारतीतल्या गंजलेल्या ग्रिलमध्ये अशा आठ कुंड्या एका रांगेत ठेवणे धोक्याचे आहे आणि खाली लोक चालत असतात. मोठ्या कुंड्या भिंतीलगत दोन-तीनच ठेवाव्यात, बाकीच्या आठ इंची कराव्यात. बागकाम शिकवणारे बरेच जण याविषयी अवाक्षर काढत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

पेरणी मेच्या शेवटच्या आठवड्यात करावी. चवळी, भेंडी, दोडका, पडवळ, काकडी ही मंडळी उष्णतेला भीत नाहीत आणि पाऊस येईपर्यंत चार पाने धरून उभी राहतात. मुलीच्या नावाची कुंडी चवळीची असावी असे मी सुचवेन. तीन-चार दिवसांत मोड वर येतो, रोज फरक दिसतो आणि जुलैच्या अखेरीस शेंगा तोडता येतात. लाल माठ महिन्याभरात खाण्याजोगा होतो, पण तो पाऊस लागण्याआधी पेरावा, कारण कोवळी रोपे सरींनी आडवी होतात. ऊन अजिबात नसलेल्या कोपऱ्यात अळूचा कंद लावावा. त्याला सावली आणि पाणी दोन्ही मानवते. गवती चहा, पुदिना आणि पानओवा हे नवशिक्यांना सांभाळून घेणारे आहेत. जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण या दिवसांत हमखास दिसतो. पाण्याच्या जोरदार धारेने तो धुऊन काढावा आणि लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुलिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. दुपारी फवारले तर पाने भाजतात.

आता सहली. इथे माझे मत थोडे कडक आहे. एका दिवसात चार उद्याने दाखवणाऱ्या बससहलीत आपला वेळ बहुतेक वाहतुकीत जातो, आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या लक्षात शेवटी आइस्क्रीमच राहते. त्याऐवजी एकच जागा निवडावी आणि तिथे दोनदा जावे, एकदा मेमध्ये आणि एकदा पाऊस स्थिरावल्यावर. झाड काय करते हे दोन भेटींमधल्या फरकातून कळते.

सासूबाईंसाठी भायखळ्याची राणीची बाग मी सगळ्यांत वर ठेवेन. नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे आणि बहुतेक लोक तिथे पेंग्विन पाहायला जातात, पण एकोणिसाव्या शतकात ती वनस्पतिउद्यान म्हणून आखली गेली, हे विसरून चालणार नाही. रस्ते सपाट आहेत, जागोजाग बाकडी आहेत आणि भर मे महिन्यातही मोठ्या झाडांखाली सावली असते. कैलासपतीच्या खोडालाच लगडलेली फुले आणि तोफेच्या गोळ्यांसारखी फळे, गोरखचिंचेचे माणसांनी कवेत न येणारे खोड, सीतेचा अशोक आणि आपण ज्याला सरसकट अशोक म्हणतो ते उंच सरळ झाड यांतला फरक, एवढे पाहायला दोन तास सहज लागतात. बुधवारी बाग बंद असते. सकाळी उघडल्या उघडल्या जावे आणि शनिवार-रविवार टाळावा. सुट्टीतल्या रविवारी तिथे झाडांपेक्षा माणसे जास्त दिसतात. आवारालगतचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय त्याच फेरीत होते, आणि गुडघ्यांना विश्रांती मिळते.

आपल्या घरापासून बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान अगदी जवळ आहे, त्यामुळे तिकडे जायचा मोह होणारच. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे ते जंगल पानगळीचे आहे, आणि मेमध्ये ते रखरखीत दिसेल, याची मनाची तयारी मुलीला आधी करून द्यावी. ओढे कोरडे, पायाखाली पाचोळा. परंतु करवंदे पिकलेली असतात, कुड्याची पांढरी फुले असतात, बहावा पिवळा झालेला असतो, आणि पाने गळाल्यामुळे पक्षी पावसाळ्यापेक्षा सहज दिसतात. मेअखेरीस पावशाची हाक ऐकू येऊ लागते आणि नशीब असेल तर नवरंग दिसतो. सकाळी दरवाजे उघडल्यावर लगेच शिरून दहापर्यंत बाहेर यावे. सोमवारी उद्यान बंद असते. कान्हेरीच्या पायऱ्या सासूबाईंना या दिवसांत चढायला लावू नयेत. खडक तापलेला असतो. आतल्या पायवाटांवरून परवानगीशिवाय, वाटाड्याशिवाय फिरू नये. बिबट्याच्या भीतीपेक्षा वाट चुकून उन्हात अडकण्याची भीती मला जास्त वाटते. मुलीला जाणकारांच्या गटात पाठवायचे असेल, तर १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे गोरेगावच्या चित्रनगरीलगत निसर्गशिक्षणाचे केंद्र आहे. तिथल्या फेऱ्यांची चौकशी आधी करून नाव नोंदवावे लागते.

चालायला नको आणि तरी निसर्ग पाहायचा, अशी अट असेल तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत निघणारी बोटफेरी घ्यावी. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हिवाळ्यापासून मेपर्यंत खाडीत असतात आणि पावसाच्या तोंडावर निघून जातात, म्हणून हे काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावे. या खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. बोट भरतीच्या वेळेवर सुटते, घड्याळाच्या सोयीने नाही. त्यामुळे आरक्षण करताना मिळेल ती वेळ घ्यावी लागते.

मुलीसाठी मला सगळ्यांत आवडणारी फेरी मात्र समुद्रकिनाऱ्यावरची आहे. ओहोटीला गिरगाव चौपाटी, जुहू किंवा वांद्र्याच्या कार्टर रोडचे खडक उघडे पडतात आणि त्यांतल्या डबक्यांत खेकडे, शंखातले संन्यासी खेकडे, समुद्रफुले असा संसार दिसतो. मरीन लाईफ ऑफ मुंबई या गटाचे स्वयंसेवक अशा फेऱ्या घेतात. वेळ काढायची कोळीवाड्यातली रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत मागे हटते आणि ती ओहोटी सकाळी सहा-साडेसहाला येते, जी उन्हाळ्यात फारच सोयीची. प्रत्यक्ष जाण्यापूर्वी भरती-ओहोटीचे तक्ते पाहूनच निघावे. पट्टा असलेल्या चपला घालाव्यात, काहीही उचलू नये, शंख तर मुळीच नाही, कारण काही शंखांतले प्राणी विषारी असतात. शेवाळलेल्या खडकांवर सासूबाईंना नेऊ नये.

मेअखेरीस काजवे पाहण्याच्या रात्रसहलींच्या जाहिराती येतील. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या बाजूंना काजवे खरोखरच झाडेच्या झाडे उजळवतात, यात शंका नाही. परंतु ते प्रकाश मिचकावतात तो जोडीदाराला खूण म्हणून, आणि शेकडो गाड्यांचे दिवे व फोनचे झोत पडले की ती खूण हरवते. लहान गट, गाडी गावातच उभी करणे आणि विजेरीला लाल कागद लावणे, या तिन्ही गोष्टी आयोजक पाळत असतील तरच जावे. लहान मुलीसाठी रात्रीचा प्रवासही मोठा आहे.

माहीमचे निसर्ग उद्यान पावसाळ्यासाठी राखून ठेवावे. कचराभूमीवर उभे केलेले ते जंगल जुलैत पाहण्यासारखे असते, आणि कचऱ्याची माती कशी होते हे शिकलेल्या मुलीला तेव्हा ते जास्त कळेल. मलबार हिलवरचा २०२५ मध्ये खुला झालेला झाडांमधून जाणारा लाकडी मार्ग सुखद आहे, पण जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा. त्याच्यासाठी कांदिवलीहून मुद्दाम जाण्याइतके त्यात मला काही वाटत नाही. दक्षिण मुंबईत दुसरे काम असेल तर ऑनलाइन आरक्षण करून जावे. घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीतली फुलपाखरे पाऊस पडून गेल्यावर पाहावीत.

एक फेरी मात्र फुकटातली आहे आणि ती कोणी जाहिरातीत देत नाही. आपल्याच वस्तीत सकाळी साडेसहाला अर्धा तास फिरावे. सोनमोहराचा पिवळा सडा, गुलमोहर, तामणीची जांभळी फुले, जे आपले राज्यफूल आहे, रस्त्याकडेचा बहावा, हे सगळे याच सहा आठवड्यांत फुलते. मुलीने दहा झाडांची वही करावी आणि आजीने प्रत्येकाचे गावाकडचे नाव सांगावे. सुरुवातीला झाड ओळखण्याचे ॲप वापरू देऊ नये. पान हातात घेऊन चुरडून, वास घेऊन पाहण्याची सवय ॲपने लागत नाही.

पैशांचा हिशेब माझ्या दृष्टीने असा होतो. दोघींसाठी वर्गाचे पाच हजार होतात. जूनमध्ये दुसरी बैठक असेल तर एकटीने, म्हणजे आपण स्वतः, वर्ग लावावा आणि घरी येऊन दोघींना शिकवावे. मुलांसाठी वेगळी तुकडी नसेल तर मुलीला प्रौढांच्या वर्गात दोन दिवस बसवणे हा तिच्यावर अन्याय आहे. दुसरी बैठक नसेल तर वर्ग सोडून द्यावा. त्या पैशांत माती, खत, बिया, हिरवी जाळी, ऐरोलीची बोट आणि राणीच्या बागेची दोन वेळची तिकिटे एवढे सगळे भागून काही उरेल. शिकायचेच असेल तर हिवाळ्यात, बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत, महापालिका राणीच्या बागेत झाडाफुलांचे प्रदर्शन भरवते आणि त्याला जोडून उद्यानविद्येची कार्यशाळा होते. टोमॅटो आणि लेट्यूसचा उत्साह तोवर जपून ठेवावा. ५ जूनला पर्यावरण दिनानिमित्त रोपे फुकट वाटली जातील, त्यांत जांभूळ, कडुलिंब, वड असे काही मिळाले तर ते ग्रिलसाठी घेऊ नये, ज्याच्याकडे जमीन आहे त्यालाच घेऊ द्यावे.

क्रम थोडक्यात सांगायचा तर या आठवड्यात माती उन्हात, मेच्या पहिल्या पंधरवड्यात ऐरोली आणि एखाद्या अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या पहाटे किनारा, तिसऱ्या आठवड्यात राणीची बाग, रोहिणी लागल्यावर पेरणी. राष्ट्रीय उद्यान मुलीला घेऊन एका सकाळी केव्हाही. पाणीकपात सुरू झाली तर तांदूळ-डाळ धुतलेले पाणी कुंड्यांना चालते, मीठ किंवा साबण असलेले नाही.

ग्रिलची दिशा आपण लिहिलेली नाही. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि संध्याकाळी चार वाजता काढलेली तीन छायाचित्रे इथे टाकलीत आणि समोरची इमारत किती उंच आहे ते कळवलेत, तर वेलांसाठी कोणता कोपरा ठेवावा आणि कोणती कुंडी जूनमध्ये आत घ्यावी, हे अधिक नेमके सांगता येईल.